तालीम : एका उस्तादाच्या नावाचा प्रवास



शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत आखाड्याचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. वार्षिक अहवाल, परीक्षांचे निकाल, देणगीदारांची यादी आणि मान्यवरांचे संदेश यांच्या शेजारी पहिलवानांचे काय काम? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात आहे आणि तो शब्द आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. तो म्हणजे 'तालीम'.

घरात उर्दू बोलणाऱ्या माणसाला तालीम म्हणजे शिक्षण. मुलाला शाळेत घातले की त्याची तालीम सुरू झाली, असे आपण म्हणतो. पण मावळातल्या एखाद्या गावात जाऊन "तालीम कुठे आहे हो?" असे विचारले, तर तेथील माणूस शाळेकडे बोट दाखविणार नाही. तो तुम्हाला लाल मातीच्या हौद्याकडे घेऊन जाईल. शब्द एकच, अरबीतून आलेला. पण एका घरी तो पाटी-पुस्तकाचा झाला आणि दुसऱ्या घरी मातीचा. आखाड्यातले इतर शब्दही पाहा. कुस्ती, पहिलवान, जोर हे फारसीतून आले. उस्तादाचा मराठीने वस्ताद केला. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले जी लेझीम खेळतात, तिचे नावदेखील फारसी आहे. धनुष्याचा सराव करण्यासाठी लोखंडी साखळी लावलेले जे हलके धनुष्य असे, ते लेझम. त्याच हौद्यात दंड, मल्लखांब, मुद्गल हे शब्दही सुखाने नांदतात. कोणी कोणाला बाहेर काढलेले नाही. भाषेने जे सहज केले ते माणसांनीही एके काळी केले होते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. त्याचा एक धागा थेट आपल्या लोणावळ्यात येऊन पोचतो.

हा धागा बडोद्याहून येतो. परंतु बडोदे मावळाला परके नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तळेगावचे खंडेराव दाभाडे हे छत्रपती शाहू महाराजांचे सेनापती. त्यांच्या फौजेत शेजारच्या खेड तालुक्यातील दावडीचे गायकवाड होते. १७२० साली बाळापूरच्या लढाईत दमाजी गायकवाड यांनी पराक्रम केला व त्यांना 'समशेर बहादूर' हा किताब मिळाला. त्यांचे पुतणे पिलाजी यांनी गुजरातेत सोनगडला ठाणे केले आणि पुढे बडोद्याची गादी उभी राहिली. खंडेरावांचे पुत्र त्र्यंबकराव दाभाडे १ एप्रिल १७३१ रोजी पहिल्या बाजीरावाशी झालेल्या लढाईत डभईजवळ पडले. डभई हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. या लेखात ते पुन्हा येणार आहे.

गायकवाडांच्या दरबारात मल्लविद्येला मोठा आश्रय होता. मात्र त्या काळच्या आश्रयाचे स्वरूप आज ऐकले तर अंगावर काटा येतो. खंडेराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८५६ ते १८७० या काळात, लुई रूसले नावाचा एक फ्रेंच प्रवासी बडोद्यास आला होता. तेथे पाहिलेल्या एका मुष्टियुद्धाचे वर्णन त्याने आपल्या प्रवासग्रंथात केले आहे. लढणाऱ्यांच्या मुठीला शिंगाच्या नख्या बांधीत आणि ते एकमेकांना रक्तबंबाळ करीत. 'नखी की कुस्ती' या नावाने तो प्रकार ओळखला जाई. याच जातीच्या खेळाला दक्षिणेत वज्रमुष्टी म्हणतात आणि म्हैसूरच्या दसऱ्यात त्याचे नाममात्र प्रदर्शन अजूनही होते. रक्ताचा थेंब दिसला की लढत थांबते. जुन्या बडोद्यात ती तशी थांबत नसे. राजा पाहत असे, लोक ओरडत असत, आणि दोन गरीब माणसे बक्षिसासाठी एकमेकांचे मांस फाडीत असत.

बळ होते, कसब होते, धैर्यही होते; नव्हते ते शिक्षण. त्या तालमीत तालीम नव्हती, असे म्हटले तरी चालेल.

१८७५ साली बडोद्याच्या गादीवर नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक घेण्यात आला. तेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून प्रसिद्धीस आले. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला व १९०६ साली तो संपूर्ण राज्याला लागू केला. कसबी माणसाला त्यांनी तमाशाच्या मैदानातून उचलून शाळेच्या फळ्यापुढे आणले. १८८६ साली उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती त्यांनी गायनशाळा दिली. घराण्यात दडलेली विद्या वर्गात शिकविली जाऊ लागली. गाण्याच्या बाबतीत हे जसे घडले, तसेच शरीरविद्येच्या बाबतीतही त्याच शहरात घडले. तिथेही मुळाशी एक मुसलमान उस्ताद होता. त्यांचे नाव जुम्मादादा.

जुम्मादादांचा आखाडा बडोद्यात होता. कुस्ती आणि आखाड्यातील इतर विद्या ते शिकवीत. त्यांच्या हाताखाली जे शागीर्द तयार झाले त्यांत गजानन यशवंत तांबे हे एक होते. १८७८ साली जन्मलेले हे तांबे पुढे प्रोफेसर माणिकराव या नावाने सर्व हिंदुस्थानात ओळखले गेले आणि सयाजीरावांनी त्यांना 'राजरत्न' ही पदवी दिली. उस्तादांनी आपला आखाडा या शिष्याच्या हवाली केला. घरची गादी घरात ठेवण्याची रीत असलेल्या आपल्या देशात ही गोष्ट लहान नाही. एका मुसलमान उस्तादाने आपली आयुष्यभराची मिळकत एका हिंदू शिष्याच्या ओंजळीत टाकली, कारण ती पेलण्याची ताकद त्याच्यात त्यांना दिसली.

आणि शिष्याने काय केले? त्यांनी आखाड्याचा विस्तार केला आणि त्या संस्थेला स्वतःचे नाव दिले नाही. ती 'जुम्मादादा व्यायाम मंदिर' म्हणून उभी राहिली. बडोद्याच्या दांडिया बाजारात ती आहे. हे नाव जरा सावकाश वाचावे. 'जुम्मा' हा अरबी शब्द, जुम्म्याच्या नमाजाचा. 'दादा' हा मराठी घरातला वडील भाऊ. 'व्यायाम' आणि 'मंदिर' हे संस्कृत. पाटी लिहिताना कोणी एकात्मतेचे व्याख्यान देत नव्हते. शिष्याला गुरूचे ऋण फेडायचे होते, एवढेच. ज्याच्यापासून शिकलो त्याचे नाव पुढे ठेवायचे, हा आखाड्याचा साधा रिवाज त्यांनी पाळला. प्रोफेसर माणिकराव १९५४ साली वारले. ते आजन्म ब्रह्मचारी राहिले. विद्येखेरीज त्यांना दुसरा संसार नव्हता.

माणिकरावांच्या कामाची थोडी माहिती आपल्या शिक्षकबंधूंनी मुद्दाम घ्यावी. जुन्या तालमीत विद्या एकास एक अशी दिली जाई. उस्ताद एका शागिर्दाचा हात धरी, त्याला डाव दाखवी, चूक झाली की कानउघाडणी करी. ही पद्धत उत्तम, पण तिच्यात दहा-वीस मुलांपलीकडे कोणाला जागा नसे. माणिकरावांनी सांघिक व्यायामाची पद्धत बसविली. शेकडो मुले रांगेत उभी करून लाठी, लेझीम, मुद्गल यांचे हात एका तालावर करून घ्यायचे, असा तो प्रकार. कवायतीचे हुकूम तोपर्यंत इंग्रजीत असत. त्यांनी ते देशी भाषेत तयार केले. मुलाला आज्ञा कळली तर शरीर ती पाळते, हे त्यांनी ओळखले होते. मातृभाषेतून शिक्षणाची बाजू मांडणाऱ्या आपल्या संस्थेला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. याशिवाय ते नामांकित हाडवैद्य होते. निखळलेला सांधा आणि मोडलेले हाड घेऊन दूरदूरचे लोक त्यांच्याकडे येत. ज्या शहरात एके काळी मुठीला नखी बांधून हाडे मोडली जात, त्याच शहरातल्या आखाड्यात आता हाडे जोडली जाऊ लागली. जुम्मादादांच्या तालमीची खरी कमाई ही आहे, असे मला वाटते.

आता मी वाचकांना लोणावळ्याच्या जवळ आणतो.

१९०७ साल. वंगभंगाची चळवळ पेटलेली. स्वदेशीचे वारे लागलेले तरुण जागोजागी आखाड्यांकडे वळत होते. अशा वेळी जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक विद्यार्थी माणिकरावांच्या हाताखाली दाखल झाला. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविलेला हा हुशार मुलगा. त्याचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा आणि जन्मगाव डभई. तळेगावच्या दाभाड्यांचा सेनापती ज्या डभईच्या रणात पडला, तेच हे डभई. इतिहासाचे असे योगायोग पाहिले की गंमत वाटते. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे गुणे यांनी माणिकरावांकडे भारतीय शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले. जुम्मादादांपासून मोजले तर ही तिसरी पिढी.

पुढे ते खानदेशात अमळनेर येथे शिक्षणकार्यात रमले. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. १९२३ साली ते महाविद्यालय बंद पडले. दरम्यान नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याकडे त्यांनी योगविद्येची दीक्षा घेतली होती. तिथून गुण्यांचे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी लोणावळ्यात 'कैवल्यधाम' या संस्थेची स्थापना केली. लोणावळ्याचे आपण रहिवासी त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलो असू. आत काय चालते याची अनेकांना कल्पना असते, पण या वाटेवर मागे एक जुम्मादादा उभे आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे?

येथे गैरसमज नको म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे. जुम्मादादांनी योग शिकविला, असे मला म्हणायचे नाही. योगाची विद्या कुवलयानंदांना माधवदासजींकडून मिळाली. पण शरीर हा शिक्षणाचा विषय आहे, शिस्तीने आणि क्रमाने शिकविण्याजोगा आहे, आणि तो सर्वांचा आहे, ही दृष्टी त्यांना माणिकरावांच्या आखाड्यातून मिळाली. तिचे मूळ उस्तादांच्या मातीत आहे.

कुवलयानंदांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी चमत्कारावर विश्वास ठेवा, असे कोणाला सांगितले नाही. आसने आणि श्वासाच्या क्रिया यांनी शरीरात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण यंत्राने आणि दाब मोजण्याच्या उपकरणांनी तपासून पाहिले व त्याचे निष्कर्ष १९२४ पासून 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. जे मोजता येईल ते मोजावे, हा त्यांचा बाणा होता. १९२७ साली महात्मा गांधींनी आपल्या रक्तदाबाच्या विकारासंबंधी त्यांचा सल्ला घेतला होता. केरळातील ख्रिस्ती घराण्यातले कोवूर बेहनन हे अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक लोणावळ्यात येऊन राहिले आणि त्यांनी योगाच्या शास्त्रीय तपासणीवर १९३७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. मुसलमान उस्तादाच्या नावाच्या आखाड्यात तयार झालेला हिंदू स्वामी, आणि त्याच्याकडे शिकायला आलेला ख्रिस्ती संशोधक. हे सर्व आपल्या लोणावळ्यात घडले, पन्नास मैलांवरच्या कोणा मोठ्या शहरात नव्हे.

त्याच १९३७ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आले. पुढच्या वर्षी व्यायामशिक्षक तयार करण्यासाठी कांदिवली येथे सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. आपल्या शाळेच्या वेळापत्रकात जो 'पी. टी.'चा तास असतो, त्याच्यामागे असा इतिहास आहे. तो तास म्हणजे गणिताच्या शिक्षकांना उरलेला अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी दिलेली सवलत नव्हे! त्या तासाच्या पाठीशी चार पिढ्यांची मेहनत आहे : उस्ताद जुम्मादादा, प्रोफेसर माणिकराव, स्वामी कुवलयानंद, आणि त्यांच्या प्रयत्नांतून तयार झालेले असंख्य अज्ञात व्यायामशिक्षक. स्वामी कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी निवर्तले.

कोणी विचारील, या आखाड्याचे अजिंक्यवीर कोण? पदके किती? आखाड्याचा मोठेपणा मोजण्याची ही एक रीत आहे आणि ती वाईट नाही. बडोद्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयात एक प्रचंड दगड ठेवलेला आहे. थोर पहिलवान गामा यांनी १९०२ साली तो उचलला, असे सांगतात. वजन बाराशे किलो! याच गामांनी १९१० साली लंडनला जाऊन युरोपच्या मल्लांना आव्हान दिले. अशा वीरांचा अभिमान कोणाला वाटणार नाही? पण दगड संग्रहालयात राहिला आणि तो उचलणारे बाहू मातीत गेले. जुम्मादादांनी जे उचलले ते मात्र हातोहात पुढे जात राहिले. म्हणून मला वाटते, ज्या आखाड्याचा शिष्य पुढे दुसरा आखाडा उभारतो, तो आखाडा खरा अजिंक्य.

हजरत पैगंबर (स.) यांच्या एका वचनाचा आशय आपल्याला परिचित आहे. दुसऱ्याला चीत करणारा तो खरा बलवान नव्हे, तर रागाच्या वेळी स्वतःवर ताबा ठेवणारा तो खरा बलवान. दुसऱ्या एका वचनात दुर्बल मोमिनापेक्षा सबळ मोमीन अल्लाहला अधिक प्रिय असल्याचे सांगितले आहे. ही दोन वचने एकत्र ठेवली की चांगल्या तालमीचा सगळा अभ्यासक्रम तयार होतो : बळ कमवा आणि बळाला लगाम घाला. नखीच्या कुस्तीपासून हाडवैद्यकापर्यंतचा बडोद्याचा प्रवास याच दिशेचा होता.

हे सारे जुने झाले, असेही कोणी म्हणू नये. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातील निजामाबाद शहरात शमसमुद्दीन नावाच्या प्रशिक्षकांनी मुष्टियुद्धाची शाळा चालविली. त्यांचे चिरंजीव मोहम्मद हुसामुद्दीन यांनी २०१८ व २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत कांस्यपदके मिळविली. त्यांच्याच हाताखाली सुरुवातीचे धडे घेतलेली निखत झरीन ही मुलगी २०२२ साली इस्तंबूल येथे आणि २०२३ साली दिल्ली येथे विश्वविजेती ठरली. वडिलांनी तिला आधी धावण्याच्या सरावासाठी मैदानावर नेले होते. मुष्टियुद्धाकडे ती नंतर वळली. मुलीला मैदानावर नेणारा बाप आणि तिला शिकविण्यास तयार झालेला उस्ताद, एवढी दोन माणसे भेटली आणि एक मुलगी जगाच्या पुढे उभी राहिली. आपल्या वस्तीत अशा मुली नाहीत काय? आहेत. उणीव आहे ती त्या दोन माणसांची.

शेवटी एक-दोन गोष्टी मनापासून सांगाव्याशा वाटतात.

व्यायाम, आखाडा, आसने यांविषयी आपल्या काही पालकांच्या मनात संकोच असतो. हे आपले नव्हे, अशी भावना असते. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. त्यात मी पडत नाही. एखादी क्रिया करायची की नाही, हे जरूर विचार करून ठरवावे. परंतु ठरविण्यापूर्वी हा इतिहास मुलांना सांगावा. शरीरशिक्षणाच्या या वास्तूत आपल्या एका उस्तादाने पायाचा दगड बसविला आहे. आपण तेथे पाहुणे नाही. आणि जे लोक या वास्तूत मुसलमानांचा वाटा तो कोणता, असे विचारतात, त्यांनी बडोद्याच्या दांडिया बाजारातली पाटी एकदा वाचून यावी. वाद घालण्याची गरज नाही. पाटी पुरेशी आहे.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी. जुम्मादादांचे नाव राहिले ते त्यांनी स्वतः कोठे कोरून ठेवले म्हणून नव्हे. शिष्याने ते जपले म्हणून राहिले. त्यांच्यासारखे कितीतरी उस्ताद गावोगावच्या तालमींत होऊन गेले असतील. मुलांना लाठी शिकविणारे, उतरलेला खांदा बसविणारे, पहाटे हौद्यातली माती खणून तयार करणारे. त्यांचे शिष्य मोठे झाले, नोकरीला लागले आणि उस्तादांचे नाव विसरले. आपल्या मोहल्ल्यातील एखाद्या वृद्धाला विचारून अशी नावे लिहून ठेवण्याचे काम आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांना देता येईल. त्यासाठी अनुदान लागत नाही. एक वही लागते आणि ऐकण्याची तयारी लागते. नावे हाती आली की शाळेच्या पटांगणाच्या एका कोपऱ्यात मातीचा हौदा करावा आणि त्यांपैकी एकाचे नाव त्याला द्यावे.

मग आपल्या आवारात तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदू लागतील. एका दारावर पाटी-पुस्तकाची तालीम, दुसऱ्या दारावर मातीची. दोन्हींकडे जाणारी मुले तीच, आणि दोन्हींकडे शिकवायचे तेही एकच : शिकलेले पुढे द्यायचे आणि ज्याने शिकविले त्याचे नाव विसरायचे नाही.